हिऱ्याचं आवतन

कापसाची ती वाईट वर्षं. मारेगावच्या आमच्या ऑफिसात सर्व्हर बसवायला नागपूरहून एक इंजिनिअर आला होता. उद्यावर पोळा. माणूस अबोल. स्क्रू आवळताना जीभ दातांत धरायचा, आणि मधूनच मशीनच्या कुशीवर तळवा ठेवून गरम झालं का बघायचा.

सगळं जोडून झाल्यावर म्हणाला, "भाऊ, याले एक नाव द्या लागते."

"तुमीच द्या ना."

त्यानं 'हिऱ्या' टाइप केलं.

"कोणाचं नाव हे?"

"आमच्या बैलाचं. कापूस बुडाला, मंग इकला त्याले. तवापासून बाबा पोळ्याले घराबाहेर निघत नाहीत."

बॅग उचलून तो निघाला. दारातून परत आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकताना आमच्याकडे जे म्हणतात, तेच तो मशीनवर हात ठेवून हळूच म्हणाला, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

पुन्हा तो कधी दिसला नाही.

पोळ्याला ऑफिस बंद होतं, पण चावी माझ्याकडे होती. डब्यात पुरणपोळी घेऊन मी गेलोच. आवतन देणारा नागपूरला निघून गेला होता. मग हिऱ्याला जेवू कोण घालणार?