पांघरायला लोकर पुरते

शिवायला घेतलेल्या प्रत्येक कातड्यावर आत्या आधी फुंकर मारायची. दाट केस बाजूला सरायचे, खालची पांढुरकी कातडी दिसायची आणि ती म्हणायची, "बघू गं, कुणाची लेक हैस." मग तिचं मशीन सुरू व्हायचं. आम्ही नव्या मुली हसायचो. पुढं आम्हीही फुंकर मारायला लागलो, पण कातड्याला लेक म्हणणारी ती एकटीच.

चिकलठाण्याला तेव्हा शेडला लागून शेड उभी राहत होती. आमच्या शेडमध्ये मेंढीच्या केसाळ कातड्याचे कोट व्हायचे, परदेशात पाठवायला. आपल्याकडच्या उन्हात ते कोण घालणार? भर उन्हाळ्यात माप बघायला सुपरवायझर आमच्यातल्या सगळ्यांत बारीक मुलीच्या अंगावर कोट चढवायचे. ती घामानं निथळायची. आत्या मान वर न करता म्हणायची, "झाली मेंढी. आता कातरायला घ्या हिला."

नात्यानं ती कुणाचीच आत्या नव्हती, शेडमध्ये सगळ्या तिला तसं म्हणायच्या. ती पिशोरकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. नवरा वारल्यावर शहरात आली होती. माझं गाव दुसरीकडचं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि त्यानंतर गावानं आमची वस्ती जाळली. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो आणि उस्मानपुऱ्यात एका खोलीत राहिलो. शेडमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं. जेवणाच्या सुट्टीत काही बायका जरा सरकून बसत. अशा सरकणाऱ्या बायका तुम्हीही पाहिल्या असतील. त्या भांडत नाहीत, नुसत्या सरकतात.

एकदा आत्यानं मला हळूच विचारलं, "जाळणाऱ्यांत आमचे लोक व्हते का?"

मी म्हटलं, "होते."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तिनं माझ्या डब्यात हात घातला, ठेचा उचलून भाकरीवर घेतला आणि म्हणाली, "लई दिवस नुसता वासच घेत व्हते." नंतर तो विषय तिनं कधी काढला नाही. तेव्हापासून आम्ही शेजारी बसलो.

ती काही साधुसंत नव्हती. मटण आवडीनं खायची. तिच्या घरचे बोकड आणि मेंढे खाटकालाच जात. मी एकदा विचारलं, तुला ही कातडी शिवताना काही वाटत नाही का? ती म्हणाली, "मांस कुणी तरी खाल्लं. कातडं उरलं, ते आपण शिवतो. पर कातड्यासाठी मारणं येगळं. पांघरायला लोकर पुरते." एवढा एक हिशेब तिनं मनाशी घातला होता आणि त्यावर तिचं चाललं होतं.

मग नव्या ऑर्डरची कातडी आली. तळहाताएवढी, बारीक वळणांची, रेशमासारखी चमकणारी. आत्यानं एक उचललं, फुंकर मारली. केस हललेच नाहीत, इतके ते अंगाला चिकटून होते. तिनं सुपरवायझरना विचारलं, एवढी लहान कशी? ते भले माणूस होते, खोटं बोलले नाहीत. पोटातल्या कोकरांची आहेत म्हणाले. जन्मल्यावर केस वाढतात आणि ही चमक जाते, म्हणून आधीच काढतात. एवढं सांगून ते खिडकीकडं बघत राहिले.

आत्यानं ते कातडं परत ठेवलं, मशीनवर कापड टाकलं आणि डबा उचलला. मीही उठायला लागले, तशी तिनं माझा खांदा दाबून मला खाली बसवलं. "तुझं घर जळालंय. तू शिव. मला भावाचं घर हाय."

ती पिशोरला गेली. त्या साली तिकडं पाऊस नव्हता, चारा नव्हता.

पुढं बरेच दिवस तिची खबर नव्हती. मग एका दुपारी ती आमच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. लुगड्याला लेंड्या आणि चिखल लागलेला. आईनं पाणी दिलं. तिनं आधी पाय धुतले, मग उंबऱ्याशीच बसली आणि सांगू लागली.

भावाकडं दलाल आला होता. त्याला गाभण मेंढ्याच हव्या होत्या. भाऊ म्हणाला, चाऱ्यावाचून त्या मरणारच, निदान आपली लेकरं तरी जगतील. आत्या त्याच्याशी भांडली. पण घरातली पोरं दोन दिवस कण्या खात होती, हे तिलाही दिसत होतं. टेम्पो आला. मेंढ्या फळीवर पाय ठेवीनात. भाऊ आणि दलालाची माणसं त्यांना काठीनं मारायला लागली, पोटावर, पाठीवर, लागेल तिथं.

"त्या माझ्या आवाजावर येत्यात," आत्या म्हणाली. "लहानपणापासनं मीच हाक मारायची. मार बघवंना. मी टेम्पोत चढले अन् हाक मारली. एकामागं एक आल्या सगळ्या."

आई चहा ठेवायला उठली होती, ती तशीच उभी राहिली.

आत्या मग खाली उतरलीच नाही. अनोळखी माणसांत त्या बुजतील म्हणून शहरापर्यंत त्यांच्यामध्ये बसून आली. पुढचं तिनं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. चहा प्यायली. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाली, "ती कातडी तुझ्याकडं येतील. नीट शिव. वाकडं शिवलं तर फेकून देत्यात."

कातडी आली. तीच होती की दुसरी, मला कळायला मार्ग नव्हता. मी नीट शिवली.

पुढच्या साली पाऊस बरा झाला. एका रविवारी मी पिशोरला तिला भेटायला गेले. ती भावाच्याच घरी होती, त्याच्यासाठी भाकरी थापत होती, पण त्याच्याशी बोलत नव्हती. भावानंच मला बाजूला घेऊन सांगितलं, माझ्याशी नाय बोलली तरी चालंल, पर जनावरांशी पण बोलत नाय. मी तिच्यासाठी गुलमंडीवरून पातळ नेलं होतं. तिनं ते अंगाला लावून बघितलं, माझ्या आईची चौकशी केली, कोटांचं काही विचारलं नाही. तीच आमची शेवटची भेट. विद्यापीठाच्या कमानीवर नवं नाव लागलं तेव्हा ते तिला सांगावं असं फार वाटलं, पण ती त्याआधीच तापानं गेली होती.

त्या रविवारी मी परत निघाले तेव्हा दलालानं न नेलेल्या मेंढ्या शेजाऱ्याच्या ज्वारीत शिरल्या होत्या. शेजारी शिव्या देत होता. भाऊ बांधावरून ओरडत होता, "हाक मार की! एक हाक मार!" आत्या तोंड मिटून ज्वारीत शिरली, लांबचा वळसा घालून मेंढ्यांच्या मागं गेली आणि एकेकीच्या पाठीवर हात ठेवून त्यांना बाहेर काढू लागली. एक बाहेर काढेपर्यंत दुसरी आत शिरत होती.