कुंपणाआडची शाळा

नव्या शतकाची पहिलीच वर्षं. उत्तर आयर्लंडच्या त्या खेड्यात मराठी बोलायला मला दोनच माणसं होती. नवरा डॉक्टर, तो हॉस्पिटलात राबायचा आणि घरी येऊन घोरायचा. राहिली सात वर्षांची मुलगी. तीही माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तरं द्यायला लागली तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं. दर शनिवारी स्वयंपाकघरात मी तिची मराठी शाळा भरवू लागले.

शेजारी एक निवृत्त मास्तर राहायचे, एकटेच. आमच्या दोन अंगणांच्या मधे काटेरी झुडपांचं उंच कुंपण होतं. माझ्या शनिवारच्या शाळेचं कळल्यावर त्यांनी सांगितलं, त्यांच्या पूर्वजांच्या काळी इंग्रज राजवटीत कॅथलिकांच्या शाळांवर बंदी होती, तेव्हा याच कुंपणाआड चोरून शाळा भरायची म्हणे. शिक्षक गावोगाव फिरणारा. शेकोटीसाठी प्रत्येक मुलाने घरून दलदलीतल्या जळाऊ मातीची एक वाळकी वीट आणायची, तीच त्याची हजेरी.

"मग ती शाळा बंद कशी पडली?" मी विचारलं.

"छप्पर असलेली शाळा झाली, मुलं तिकडे गेली. शिक्षक तरी काही दिवस येऊन बसायचा."

त्या कधी न पाहिलेल्या माणसासाठी मी घरी येऊन चक्क रडले.

हिवाळ्याच्या तोंडावर मुलीने जाहीर केलं, "मम्मी, सॅटर्डेला आता मला स्विमिंग आहे. आणि इथे कोणी मराठी बोलतच नाही, सो व्हॉट्स द पॉइंट?"

पुढच्या शनिवारी पाटी घेऊन मी एकटीच टेबलाशी बसले होते. दार वाजलं. काखेत मातीची वीट घेऊन मास्तर उभे.

"आज शाळा आहे ना?"

त्यानंतर ते येतच राहिले. 'ळ' त्यांना शेवटपर्यंत जमला नाही, पण मला ते ऐटीत 'बाई' म्हणायचे. आमच्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात, हे तर त्यांना फारच आवडलं. घरी जाताना दर वेळी कुंपणापाशी वळून तेच म्हणायचे.

मग नवऱ्याला लंडनजवळ स्लाऊला नोकरी मिळाली. तिथे मराठी माणसं भरपूर, मी खूश व्हायला हवं होतं. निघालो त्या सकाळी मास्तर कुंपणाशी उभे होते. मुलगी गाडीतून "बाय!" म्हणून ओरडली. मास्तरांनी हात वर केला.

"येतो, बाई."

जाणार होतो आम्ही, ते नव्हे. मी त्यांची चूक सुधारली नाही.

"येते, मास्तर," मी म्हणाले, आणि पुन्हा कधीच गेले नाही.