दामूभाऊंची दोस्त फौज

फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "काका, मी शालू... मूलहून. बाबा गेले. सकाळी 'चहा ठेव बेटा' म्हणाले, अन् मी कप घेऊन आली तर खुर्चीतच..." उरलेला साबण पुसला आणि निघालो. मूल गावी पोचलो तेव्हा दारात बरीच माणसं जमली होती. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला नकाशावाला, कोणाच्याही प्लॉटची मापं विनातक्रार काढून देणारा सरळ माणूस, अशी दामूभाऊंची गावात ओळख. ती खरीच होती. पण त्या गर्दीत उभा असताना माझ्या मनात येत होतं, की यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नाही, हा माणूस एके काळी सेनापती होता, आणि त्याची पहिली लढाई मी डोळ्यांनी पाहिली आहे.

आज पाच आठवडे झाले. आता लिहायला हरकत नाही.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. मी अहेरीला वनखात्याच्या कचेरीत कारकून म्हणून रुजू झालो, तेव्हा दामूभाऊ तिथं नकाशे काढायचे. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे, अंगानं किरकोळ, बोलणं कमी. पेन्सिलीला टोक करायला बसले की जगबुडी झाली तरी मान वर करायचे नाहीत. तेव्हाचा चांदा जिल्हा, आताचे चंद्रपूर आणि गडचिरोली, म्हणजे पावसाळ्यात तुटलेलं बेट. भामरागडची वाट आषाढात बंद झाली की दिवाळीच्या सुमारास उघडायची. कामं थंडावायची आणि रविवार तर खायला उठायचे. अशातच पुण्याकडचे एक तरुण रेंजरसाहेब बदलून आले. डाकबंगल्याच्या कपाटात त्यांना एक लाकडी पेटी सापडली. कोणी इंग्रज अधिकारी जाताना ठेवून गेला असावा. पेटीत शिशाचे बोटभर उंचीचे शिपाई, चार फासे, एक फूटपट्टी आणि टंकलेले सहा कागद. टेबलावर लढाई खेळायची, तिचे ते नियम होते. प्यादा एका चालीत सहा इंच, घोडेस्वार बारा इंच, मारा लागला की नाही ते फाशावर. रेंजरसाहेबांनी ते कागद मला मराठीत उतरवायला सांगितले आणि त्या खेळाचं वेडच घेतलं.

नियम असा होता, की प्रत्येकानं दीडशे गुणांची फौज उभी करायची. प्याद्याला एक गुण, स्वाराला तीन, हत्तीला दहा, तोफेला पंधरा. फौज एकाच मुलखाची आणि एकाच काळाची हवी. उगाच इकडचा हत्ती तिकडची तोफ चालणार नाही. मात्र चाळीस गुणांपर्यंत दोस्त फौज घेता येईल, तिचा सरदार वेगळा, आणि लढाईच्या आधी त्याचं नाव सगळ्यांसमोर सांगायचं. रेंजरसाहेबांनी शिशाच्या लाल डगल्यांवर रंग चढवून त्यांना पगड्या काढल्या आणि नागपूरकरांची पलटण तयार केली. "बोला, माझ्यासमोर कोण उभं राहतंय?" त्यांनी कचेरीत विचारलं. दामूभाऊ पेन्सिल ठेवून म्हणाले, "चांद्याचा गोंड राजा राहीन उभा, साहेब. पन मले पावसाळ्यापर्यंत येळ द्या."

तो सगळा उन्हाळा त्यांनी फौज आखण्यात घालवला. वनखात्याच्या लाकूड डेपोत शिवणीच्या लाकडाचे तुकडे पडलेले असायचे, ते आणून चाकूनं माणसं कोरायची. एकेका तिरंदाजाला दोन-दोन दिवस. डेपोचा राखणदार माडिया आदिवासी होता, त्याला बोलावून धनुष्य कसं धरतात ते विचारायचं. त्यानं पहिले दहा तिरंदाज बघितले आणि पोट धरून हसला. सगळ्यांनी धनुष्य काठीसारखं धरलं होतं. दामूभाऊंनी ते दहाच्या दहा चुलीत घातले आणि पुन्हा सुरुवात केली. मी म्हणायचो, "भाऊ, टेबलावर कोनाले दिसते?" ते म्हणायचे, "त्याले दिसलं ना?"

राजाची फौज गुणांत बसली, पण दोस्त कोण घ्यावा हे काही ठरेना. मी रोज नवा सल्ला द्यायचो. नदीपल्याडच्या तेलंगी तोफा घ्या म्हणालो. "तोफ घेतली का बैल पायजे, बैलाले रस्ता पायजे. पावसात आपल्या रस्त्याचं काय होते, तुले माहीत नाई?" मग भाड्याचे घोडेस्वार घ्या म्हणालो. त्यावर त्यांनी चाकू खाली ठेवला. "वसंता, दोस्त फौज म्हंजे सोयरीक हाय बाबा. निस्ती ताकद पाहून करशीन त पस्तावशीन. राजाच्या वाईट दिवसात जो येईन, तो दोस्त." कागदावर राजाची सारी फौज सुवाच्य अक्षरात लिहिलेली, आणि खाली दोस्त फौजेपुढे नुसती रेघ. आठवडे गेले, रेघ तशीच.

वैशाखात त्यांचे वडील आले. आरमोरीकडून, वैनगंगेच्या काठावरून, खांद्यावर सुक्या मासळीची थैली आणि पायात काही नाही. काळाभोर, उंच म्हातारा, नाव सोमाजी. मी चकित झालो, कारण कचेरीत सगळ्यांना दामूभाऊंनी वडील शेतकरी आहेत असंच सांगितलं होतं. थैलीचा वास, हातांवरचे जाळ्याच्या दोरीचे वळ... मी समजलो, पण विचारलं नाही. पुढं फार वर्षांनी त्यांनी मला सांगितलं, की पहिल्या नोकरीच्या गावी जात कळल्यावर त्यांचा प्याला वेगळा ठेवला गेला होता. तेव्हापासून त्यांनी बापाला शेतकरी म्हणून धानाच्या बांधीत उभं करून टाकलं होतं.

तर सोमाजी ओसरीवर उकिडवे बसले आणि जमिनीवर मांडलेली ती लाकडाची फौज बघू लागले. दामूभाऊंनी टेबलावर पसरायला कापडावर नदी रंगवली होती, तिच्या एका काठाला राजा, दुसऱ्या काठाला शत्रू. म्हाताऱ्यानं पुष्कळ वेळ बघितलं. मग म्हणाले, "लढाई कोन्या मयन्यात हाय?"

"श्रावनात, बा."

"मंग हे सारे पल्याड कसे जातीन? डोंगे कुठी हायत?"

पुरात नदी ओलांडायला होड्या लागतील, ही गोष्ट सगळ्या उन्हाळ्यात आमच्या डोक्यात आली नव्हती! दामूभाऊंचा चेहरा उजळला, ते काही बोलणार, एवढ्यात फाटकाशी रेंजरसाहेब. फेरफटक्याला निघाले होते, फौज कुठवर आली बघायला सहज डोकावले. त्यांची नजर म्हाताऱ्यावर गेली. "हे कोण?"

दामूभाऊ उठून उभे राहिले. "गावाकडचे आहेत, साहेब. काही कामानं आले."

सोमाजींनी मान खाली घातली. साहेबांना हात जोडले, थैली उचलून आत नेऊन ठेवली आणि मागच्या दारानं विहिरीकडे गेले. दुसऱ्या दिवशीची सर्व्हिस मोटार त्यांनी धरली. आले तेव्हा आठ दिवस राहतो म्हणाले होते. मोटारीत चढवताना मी सोबत होतो. ते मला एवढंच म्हणाले, "त्याले म्हना, मासोई उन्हात टाक. कोंदट जागी किडे पडतेत."

त्यानंतर दामूभाऊ माझ्याशीही बोलेनासे झाले. कचेरीतून घरी, घरून कचेरीत. मी रागावलो होतो, आणि मी रागावलो आहे हे त्यांना ठाऊक होतं. एकदा न राहवून मी म्हणालो, "भाऊ, बापाले परका केला तुमी." ते हातातलं लाकूड तासत राहिले. "मले मालूम हाय," म्हणाले. बस, तेवढंच. पण मी बघितलं, त्यांच्या हातात डोंगा होता.

श्रावणातल्या दुसऱ्या रविवारी डाकबंगल्याच्या मोठ्या टेबलावर फौजा मांडल्या. कचेरीतली झाडून सगळी माणसं आली होती. बाहेर पाऊस, दुसरं करणार काय! रेंजरसाहेबांनी आपली पलटण वाचून दाखवली, दोस्त फौज म्हणून अरब शिपाई आणि त्यांच्या सरदाराचं झोकदार नाव सांगितलं. मग दामूभाऊंची पाळी. राजा, हत्ती, तिरंदाज, भालेवाले... "दोस्त फौज. ढिवरांचे बारा डोंगे. सरदार सोमाजी ढिवर. मुक्काम वैनगंगेचा काठ." मग साहेबांकडे सरळ बघून म्हणाले, "माझे वडील. वैशाखात माझ्या ओसरीवर तुम्ही पाहिले ते. मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं."

साहेब गोंधळले होते हे स्पष्ट दिसत होतं. ते म्हणाले, "पण दामोदर, मासेमारी करणारे लोक... फौजेत कसे बसतील?"

"मागच्या वर्षी याच महिन्यात बाईसाहेबांना ताप होता, साहेब. औषध पल्याडून कोणी आणलं? तुमचं टपाल कोण आणतं? पुरात या मुलखाचा दोस्त ढिवरच, दुसरा नाही."

रेंजरसाहेब उठले, खिडकीशी गेले, परत आले. नियमांचे कागद चाळले. मला वाटलं, खेळ मोडला आणि बहुतेक नोकरीही. पण त्यांनी खिशातून पेन काढलं. "यात डोंग्याचा नियमच नाही," ते म्हणाले. "लिहायला हवा. डोंग्याला तीन गुण धरू. एका चालीत किती इंच जाईल?"

"पुराच्या पाण्यात?" दामूभाऊ म्हणाले. "ते... बाले विचाराव लागन."

"मग विचारून या. रजा लिहून द्या. लढाई थांबेल."

दामूभाऊ गेले. थोडं मोटारीनं, थोडं चिखलातून पायी, मध्ये डोंग्यानं. घरी काय झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं, आणि सांगताना दर वेळी हसायचे, दर वेळी डोळे पुसायचे. वडिलांच्या पाया पडायला वाकले, तर सोमाजींनी पाय मागे घेतले. मग त्यांनी खिशातून कोरलेला सरदार काढून पुढे धरला. डोंग्यात उभा, हातात लांब बांबू. म्हाताऱ्यानं तो उजेडात नेला, उलटासुलटा केला. "हा मी हाय?"

"हो, बा."

"असा बास धरते काय कोनी? पयल्याच वळनावर पान्यात पडन तुया सरदार!" आणि अंगणातला बांबू आणून त्यांनी लेकाला उभं केलं, त्याचे हात धरून बोटं नीट बसवली. "मले वाटलं, इंग्रजी शिकला, बास धराले विसरला. विसरलाच व्हता ना?" मग जेवण झालं. आणि जेवल्यावर म्हाताऱ्यानं नियम सांगितला: खाली जाताना घोड्याच्या दुप्पट, वर येताना मुंगीच्या चालीनं.

आठवडा संपता संपता दामूभाऊ परतले, सोबत सोमाजी. रेंजरसाहेबांनी खुर्ची दिली, म्हातारा बसेना. "सरदार उभे राहिले तर मला बसता येणार नाही," साहेब म्हणाले, तेव्हा टेकले. लढाई चार तास चालली. डोंग्यांनी राजाची फौज पल्याड उतरवली, तिरंदाजांनी झोडपलं, पण फासे काही केल्या साथ देईनात. अरबांनी मधली फळी फोडली आणि हत्ती पडला. कचेरीतले सगळे हळहळले. सोमाजी मात्र टेबलावर वाकले होते. "दामू, डोंगे काठाले लाव. आपली मानसं घे." मग चार चाली आम्ही सगळे उभे राहून बघत होतो. एकेक डोंगा भरत गेला, एकेक परत फिरला. शत्रूच्या हाती पडला तो फक्त हत्ती.

"मी जिंकलो," रेंजरसाहेब म्हणाले, पण त्यांच्या आवाजात जिंकल्याचा जोर नव्हता.

"तुमी जितले, साहेब," सोमाजी म्हणाले. "पन आमची मानसं घरी गेली." आणि लेकाच्या पाठीवर त्यांनी अशी थाप मारली, की दामूभाऊंचा चष्मा नदीत पडला.

पुढं बदल्या झाल्या, रेंजरसाहेबांनी जाताना आपली पेटी दामूभाऊंना दिली, आम्ही पांगलो. सोमाजी गेले, त्यानंतर पुष्कळ वर्षांनी रेंजरसाहेबही. पण दामूभाऊंचं मूल आणि माझं नागपूर यांच्यात अंतर ते किती. पावसाळ्यात एक तरी लढाई आमची व्हायचीच. जिंकण्या-हरण्याचा हिशेब आम्ही कधी ठेवला नाही.

परवा शालूनं बोलावलं म्हणून पुन्हा गेलो. वाटलं, कागदपत्रांचं काही असेल. तर तिनं जेवणाचं टेबल पुसून त्यावर सारी फौज काढून ठेवलेली. "काका, मले येते खेळता. बाबांनी शिकवलं. बसा तुमी तिकडून." मी नागपूरकरांकडून बसलो. तिनं राजा मांडला, हत्ती मांडला आणि बाराही डोंगे अगदी मागच्या कडेला नेऊन ठेवले. मी म्हणालो, "अगं, नदी इथं आहे. डोंगे पुढं घे."

"नाही काका. बाबा म्हणत, दोस्त फौज म्हणजे पाहुणे. पाहुण्याले जेवाले पयले बसवाव, मराले शेवटी."

नियमांच्या कागदांत असं काही नाही, ते मीच मराठीत उतरवलेत. इतकी वर्षं मी त्या माणसासमोर बसलो, त्याचे डोंगे मागे का असतात हे कधी विचारलं नाही. वाटायचं, सवय असेल... शालू माझ्याकडे बघत होती.

"टाक," मी म्हणालो, आणि फासे तिच्यापुढे सरकवले.