पाटावर ठेवलेला सर्व्हर

टक. टक. टक. पाटावर ठेवल्याबरोबर सर्व्हर असा वाजाया लागला आन माझ्या ताटातलं हळदीकुंकू पेटीवर सांडलं. दसऱ्याची सकाळ, हापिसात मी एकटी, पोरगी खुर्चीवर बिस्किट खात बसलेली. बंद मशिनीची पूजा कशी करायची, म्हणून मी सर्व्हरची पेटी चालूच उचलली होती. पाटाचा एक पाय आखूड निघाला, पेटी कलंडली, दणका बसला. कंप्युटरवर बघितलं तर एक बी फाईल उघडंना. सगळ्या जमिनींचे नकाशे त्यातच. देवाचं नाव बी सुचलं न्हाई मला, मी ओव्हाळ काकांना फोन लावला.

काका धम्मचक्र दिनाला देहूरोडला गेलेले. मागं लई गर्दीचा आवाज. म्हणले, "आधी बटन बंद कर. परत चालू करू नको. आन रडू नको, रडून फाईल येत न्हाई."

आमचं हापिस नांदे गावात, जमिनी मोजणाऱ्या साहेबांचं. काका जलमभर फोनच्या तारा जोडून रिटायर झालेले, मग हितं कंप्युटर बघायला लागले. ते यायच्या आधी जो तो आपला पेनड्राइव्ह खिशात घालून फिरायचा, एकाच नकाशाला 'फायनल', 'नवा फायनल', 'खरा फायनल' अशी नावं. काकांनी अडगळीतला जुना कंप्युटर झाडूनपुसून त्याचाच सर्व्हर केला. मी आठवी शिकलेली, मला काय कळतंय. तर म्हणले, "सगळ्यांचं एकच फडताळ समज. तू ठेवलेलं साहेबाला दिसतंय, साहेबानं ठेवलेलं तुला."

रोज आल्या आल्या ते पेटीच्या पाठीवर तळहात ठेवायचे, तापलीय का बघायला. मग त्याच हातानं माझ्या पोरीचं कपाळ बघायचे. "दोनी लेकरं बरी हायेत," म्हणायचे, आन मगच चपला काढायचे.

त्यांचा एक नेम लई कडक. संध्याकाळी सगळ्या फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवायच्या आन ती डिस्क माझ्या डब्याच्या पिशवीतनं मारुंजीला माझ्या खोलीवर न्यायची. "एका छपराखाली दोन कॉप्या म्हंजे एकच कॉपी, बाय." नेली की वहीत टिक करायची. आन दर सोमवारी त्या डिस्कवरनं एक फाईल काढून दाखवायची. मला राग यायचा. "काका, माझ्यावर इश्वास न्हाई व्हय?"

"तुझ्यावर हाय. डिस्कवर न्हाई."

आता खरं सांगते. दसऱ्याच्या आधीचे आठ दिवस पोरीला ताप होता. तिला शेजारणीकडं ठेवलेलं, तिकडनं फोन आला की मी पळायची. डिस्क टेबलाच्या खणातच पडून, एक फाईल उतरवली न्हाई मी. वहीत टिका मात्र रोज केल्या. मधल्या सोमवारी काका म्हणले, काढून दाखव. मी गेल्या म्हैन्यातली फाईल उघडून दाखवली. त्यांनी जरा वेळ बघितलं आन "बरं" म्हणले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब आले. जुनं सगळं डिस्कवर होतं, पण ते आठ दिवस गेले ते गेलेच. त्यातच मुठे गावच्या दोन भावांची मोजणी. किती वर्सांनी भांडण सोडून ते भाऊ एका बांधावर उभे ऱ्हायलेले, आता परत येत्यात कशाला. साहेब वरडले, "कोणाच्या हातनं झालं हे?"

नवऱ्याचं काम तवा सुटलेलं, खोली माझ्या पगारावर चालायची. काका माझ्या आधी येऊन बसलेले. पाट जाग्यावर न्हवता. पेटीवरचं कुंकू पुसलेलं. वही त्यांच्या मांडीवर, मिटलेली.

"माझ्या हातनं," काका म्हणले. "जायच्या घाईत पेटी मीच हलवली. डिस्क बी मीच ईसरलो."

खोटं बोलणार न्हाई, असं रोज सकाळी हात जोडून म्हणणारा माणूस हो तो. साहेब म्हणले, "वय झालं तुमचं. उद्यापासून येऊ नका." पोरगी माझा पदर वढत व्हती. मी तोंड उघडलं न्हाई. उघडलंच न्हाई.

मी दारापातुर मागं गेले. काका चपला घालत म्हणले, "तुला नोकरी पाहिजे. माझं भागतंय. पण सोमवारी फाईल काढत जा." मग वळून म्हणले, "नवी."

म्हंजे त्यांना त्या सोमवारीच कळलं व्हतं.

त्यानंतर एक बी सोमवार मी चुकवला न्हाई. गेल्या हप्त्यात काका गेले. उद्या त्यांच्या घरी पुण्यानुमोदन हाय, गेलेल्याच्या आठवणीत चार माणसं बोलत्यात. भेटायला गेले तवा काकू माझा हात धरून म्हणल्या, "शेवटी लई ईसरभोळे झाले गं, त्यापायीच घरी बसवलं त्यांना." मी मान हलवली. माझी मान हलली कशी?

आन साहेब म्हणत्यात, "उद्या तूच दोन शब्द बोल, तुझ्यावर लई माया व्हती त्यांची." साहेब पुढंच बसणार. खरं सांगितलं तर परवा मला हापिसात घेत्याल का? नवऱ्याचं काम अजून धड न्हाई. पोरीचं नाव नुकतंच बालवाडीत घातलंय. आन न्हाई सांगितलं तर काकू जलमभर तेच समजणार. काकांनी झाकलेलं मी उघडं केलं, तर त्यांना तरी आवडंल का?

सकाळपासनं चारदा पेटीवर हात ठेवून आले. समोर काकू, शेजारी साहेब, आन माझ्या जागी तुमी उभं ऱ्हायला असता, तर तुमी काय बोलला असता?