पाचवा सामना

सांघिक बॅडमिंटनमध्ये पाच सामने असतात. ज्याने आधी तीन जिंकले त्याचं काम झालं, उरलेले खेळायचेच नाहीत. माझा मुलगा पाचव्या सामन्याचा खेळाडू. देशाच्या संघात निवडला गेला म्हणून आमच्या सुर्ला गावात केवढं कौतुक झालं. त्यात हा नियम समजावून सांगून कोण हसं करून घेणार?

लहानपणीच तो खेळ शिकायला बंगळूरला गेला. पुढे गणपतीला येई तो दोन दिवस, तेही झोपून काढी. यजमान खाणीवर ट्रक चालवायचे. ते गेल्यापासून घरात मी आणि टीव्ही. परदेशातल्या त्या मोठ्या क्रीडास्पर्धा सुरू झाल्या तेव्हा वाटलं, आता तरी पोर डोळे भरून दिसेल.

कुठलं काय! पहिल्या दोन्ही लढती आपण तीन-शून्यने मारल्या. आळीतली माणसं माझ्याच घरी जमून टाळ्या पिटत. हा दिसे तो बाकावर, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढलेला, तेही क्षणभर. "पोरान नाव काढल्यान गो," म्हणत शेजारीण चहा पिऊन निघून जाई. आणि मी मनातल्या मनात देवाला साकडं घाली, आपले दोन सामने हरू देत. असलं बोलणार तरी कुणापाशी? भरल्या घरात मला फार एकटं वाटायचं.

उपांत्य फेरीत देवाने ऐकलं. दोन-दोन झाले आणि त्याने जॅकेट काढलं.

तासभर तो माझ्यासमोर होता. वाळला होता. केस अगदी बारीक कापले होते. गुडघ्याला पट्टी होती, तिच्याबद्दल मला कुणी सांगितलं नव्हतं. घाम पुसताना वडिलांसारखी आधी मान पुसत होता. गुणांकडे माझं लक्षच नव्हतं. खोलीतली माणसं गप्प झाली तेव्हा कळलं, हरला. मंडळींनी खुर्च्या भिंतीला लावल्या आणि माझ्याकडे न बघता गेली.

संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज रडवेला होता.

"आई, माज्यामुळे हरलंव."

"असूं दे. गुडघ्याक काय झालां रे?"

"कायच नाय."

इतक्या वर्षांत तो सलग तासभर मला पहिल्यांदाच दिसला होता, आणि त्या आनंदात मला हरल्याचं वाईटही वाटलं नव्हतं. हे त्याला कसं सांगायचं ते सुचेना, तेवढ्यात त्याने फोन ठेवला.