सुंदरीआत्याची कॅसेट

माझी सुंदरीआत्या तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत राहायची आणि मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. १९९८च्या सहामाहीत तिच्या वर्गात नवल घडलं. दोन्ही कडेच्या रांगांना नव्वदच्या वर गुण, मधल्या रांगेला नेहमीसारखे. आत्या आधी हरखली. मग तिने कडेच्या एका मुलीला गाठलं.

"टीचर, तुम्ही आमच्याकडे बघतच नाही," ती रडवेली होऊन म्हणाली. "आम्ही वह्या उघड्या ठेवून लिहिलं."

आत्याला खरंच कडेचं दिसत नव्हतं. चष्मा दोनदा बदलला, फरक नाही. शेवटी मद्रासला स्कॅन झाला. मेंदूच्या तळाशी बोराएवढी गाठ होती. कॅन्सरची नव्हती, पण डोळ्यांच्या नसा दाबत होती.

आतोबा अनिरुद्धराव जवळच्या ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत नोकरीला होते. त्यांनी मद्रासच्या डॉक्टर गुरुमूर्तींना विचारलं, "म्हणजे डोकं उघडणार?"

"नाही सर. पूर्वी कवटी उघडायचे. पुढे वरचा ओठ उचलून, सूक्ष्मदर्शकातून बघत आत जायला लागले. आता आम्ही नाकातून दुर्बीण घालतो. टोकाला उजेड असतो, आतलं सगळं टीव्हीवर दिसतं. इथली ही अकरावी शस्त्रक्रिया."

"दुर्बिणीची जाडी किती?" आत्याने विचारलं.

"चार मिलिमीटर, अम्मा."

आत्याने पिशवीतून मोजपट्टी काढली, नाकपुडीला लावली. "बसते," ती म्हणाली. "पण आतलं चित्र मला हवं. कॅसेट द्या."

डॉक्टर इतके हसले, की आतोबांनाही हसू आलं.

शस्त्रक्रिया तीन तास चालली. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या नाकात बोळे घालून, छताकडे बघत पडली होती. आतोबा उजवीकडे उभे होते. मान न वळवता ती गेंगाण्या आवाजात म्हणाली, "अहो, तुमची बाही उसवलीय."

आतोबांनी बाही पाहिली. मग तिचा हात धरून तिथेच खाली बसले.

पुढच्या एप्रिलमध्ये ती बरी होऊन घरी आल्यावर अख्खी गल्ली डॉक्टरांनी दिलेली कॅसेट बघायला जमली. केसरीचं, म्हणजे तिकडच्या केशरी शिऱ्याचं, पातेलं मध्ये ठेवलं होतं. पडद्यावर गुलाबी, ओली गुहा उजळली, आणि आतोबा स्वयंपाकघरात पळाले.

"अगो सुंदरी, हा कोण्या देवळाचा गाभारा?" शेजारच्या वेंकूबाईंनी हात जोडत विचारलं.

"माझं नाक आहे!"

हशा ओसरल्यावर आत्या छडी घेऊन उभी राहिली आणि फळ्यावर शिकवावं तसं शिकवू लागली. हे हाड, ही गाठ, आणि गाठ निघाल्यावर खाली येऊन धडधडणारं हे मेंदूचं पातळ आवरण.

"परत लाव," वेंकूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या खेपेला आतोबा हळूच येऊन दारात टेकले. गाठ निघाली तशी सगळ्यांच्या आधी टाळी त्यांनी वाजवली, आणि मग केसरीसाठी आपली ताटली पुढे केली.

आत्याने पुढे नऊ वर्षं गणित शिकवलं.