उभीच राहिलेली बाटली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोरींना नाही. देवापुढं हात जोडले तेव्हाही एवढं एक गिळूनच जोडले. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही आमच्या गावचे नाही म्हणून असेल. आणि गंमत बघा, सांगायला बसले की आधी लाज आठवतच नाही. आधी आठवतो तो आनंद! काय दिवस होते ते!

मी सरपंच होते. उमापूरच्या पुढं, आडवळणाला आमचं गाव. जागा बायकांसाठी राखीव झाली आणि घरच्यांनी मला उभं केलं. सहीपुरती बाई, असंच सगळे धरून चालले होते — मीसुद्धा. पण पहिल्या ग्रामसभेत माईक हातात आला, माझाच आवाज देवळाच्या भिंतीवर आपटून माझ्याकडं परत आला, आणि मी कामातून गेले. खुर्चीची चटक लागते हो. लागत नाही म्हणणारा खोटं बोलतो.

ते वर्ष दुष्काळाचं. पोळ्यालाच टँकर सुरू झालेला, कापूस गुडघ्याच्या वर सरकला नव्हता. गावात जोरात चालत होतं ते एकच — स्टँडवरचं देशी दारूचं दुकान. जागा अप्पांची, परवानाही त्यांच्याच घरातला. अप्पा सोसायटीचे चेअरमन. बोलणं असं गोड, की माणूस त्यांच्याकडून नकार घेऊनही खूश होऊन परतायचा.

आणि सोजर. तिचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. सोजर आणि तिचा नवरा अंकुश दर वर्षी साखर कारखान्यावर ऊस तोडायला जायचे. आमचं निम्मं गाव जातं. अंकुश दुपारपर्यंत देवमाणूस. दुपारनंतर तो स्टँडवर, आणि संध्याकाळी सोजरच्या पाठीवर वळ. एक दिवस ती थेट माझ्या ओट्यावर येऊन बसली. म्हणाली, "वैनी, तुमी सरपंच हाय ना? मंग ती बाटली आडवी करा की. ह्यो मानूस दारूबिगर लई चांगला हाय. मला त्यो जित्ता पायजे."

बाटली आडवी करायची म्हणजे काय, ते सांगते. गावातल्या बायकांचं मतदान होतं. चिठ्ठीवर दोन चित्रं — उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. पण मेख अशी, की मतदार यादीत जेवढ्या बायका, त्यांच्या निम्म्याहून जास्त शिक्के आडवीवर पडले पाहिजेत. जी बाई मतदानाला आलीच नाही, ती आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूची. हे मला पाठ होतं. दारोदार मीच तर समजावत होते!

आणि काय फिरलो आम्ही! ज्या सुना सासऱ्यापुढं मान वर करत नव्हत्या, त्या ताटं वाजवत पारावरून गेल्या. सोजर सगळ्यांच्या पुढं. एक रिकामी बाटली घेऊन ती प्रत्येक ओट्यावर बसायची, बाटली आधी उभी करायची आणि मग अशी टिचकी मारून पाडायची, की म्हाताऱ्यासुद्धा टाळ्या पिटायच्या. मला झोप यायची नाही — सुखानं! आपण बोलतो आणि गाव हलतं, हे एकदा अनुभवलेलं माणूस पुन्हा भाकऱ्या थापण्यात रमतं का?

मग ती ग्रामसभा. विषय दोन : घरपट्टीची फेरआकारणी आणि दारू दुकानबंदीचा ठराव. आधी आकारणी. कुणाचं घर कुडाचं, कुणाचं दगडमातीचं, कुणाचं स्लॅबचं, हे ग्रामसेवकानं मोठ्यानं वाचायचं आणि ज्याला पटत नसेल त्यानं उठायचं. सोजरचं घर पक्कं विटांचं म्हणून निघालं. ती उठली. "पक्कं? या की बगायला! भिंतीत हात घातला तर पल्याड निघतो, शेजारीन हातावर चटनी ठिवती!" सभा हसून लोटपोट झाली. मी तिथल्या तिथं दुरुस्ती करायला लावली. टाळ्या पडल्या. मी माईकवर ठणकावून सांगितलं — या गावात यापुढं टेप सगळ्यांना सारखीच लागेल.

आणि त्यानंतर माझं घर आलं.

आमच्या नव्या घराचा स्लॅब टाकून वर्षही झालं नव्हतं. वाचलं गेलं ते "दगडमातीचं", म्हणजे कमी पट्टीचं. कुणी केलं, मी विचारलं नव्हतं. पण ते तसं आहे हे मला माहीत होतं — हो, माहीत होतं. मी पदर सावरला. हरकत घ्यायला कुणीच उठलं नाही. बायका तर माझ्याकडं बघून अजून हसतच होत्या. फक्त अप्पांनी मान वर केली आणि माझ्याकडं बघून छान हसले. मग दुसरा विषय आला, दुकानबंदीचा ठराव हात वर करून मंजूर झाला, आणि त्या गोंगाटात मी ते हसू विसरून गेले. विसरले म्हणजे, विसरल्यासारखं केलं.

पुढं मतदानाच्या मागणीसाठी बायकांनी केलेल्या सह्यांची पडताळणी झाली आणि एक दिवस तहसीलचे साहेब पंचायतीत आले. साधा माणूस. चहा घेतला आणि म्हणाले, मतदान घ्यायला आम्हाला दोन्ही चालतंय, दसऱ्याच्या आधी की दिवाळीनंतर, गावाच्या सोयीचं तुम्हीच सांगा.

आता यात विचार करण्यासारखं काय होतं? आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्या वर्षी तर टोळ्या नेणारे मुकादम आधीच गावात फिरत होते, दुष्काळामुळं थांबणार कोण? दिवाळीनंतर गावात उरणार म्हाताऱ्या, बाळंतिणी आणि आमच्यासारख्या घरच्या बायका. ज्यांच्या पाठीवर वळ होते, त्या सगळ्या उसाच्या फडात.

"दसऱ्याच्या आधी" हे शब्द माझ्या तोंडात आले होते. शपथेवर सांगते, आले होते. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेले अप्पा म्हणाले, "सरपंचबाई, त्या आकारणीत एक घर चुकल्यावानी वाटतंय मला. पुढच्या सभेत टेप लावून मोजावं म्हनतो. तुमीच म्हनला न्हवं, सगळ्यांना सारखी?" आणि लगेच साहेबांकडं वळून, "दिवाळीनंतर बरं पडंल. न्हाई का वो बाई?"

मला काय दिसलं सांगू? माझ्या घराच्या भिंतीला लावलेली टेप दिसली, भोवती ताटं वाजवणाऱ्या त्याच बायका दिसल्या, आणि सोजरचं तोंड दिसलं. पैशाचा प्रश्न नव्हता. घरपट्टीतला फरक सणाच्या साडीएवढाही नव्हता. मला माझा तो माईक हवा होता, त्या टाळ्या हव्या होत्या.

मी म्हणाले, "हो. दिवाळीनंतर बरं पडेल."

दसऱ्यानंतर ट्रॅक्टर भरून टोळ्या निघाल्या. सोजर ट्रॉलीतून ओरडत होती, "वैनी, तारीक कळवा, मी येते!" आणि ती आली हो! तोड सोडून, मुकादमाच्या शिव्या खाऊन, चार-सहा जणींना घेऊन सकाळच्या एसटीनं उतरली. बोटं उसाच्या पाचटानं चिरलेली. शिक्का मारून बाहेर आली आणि लहान पोरीसारखी उडी मारली — "पाडली म्या! आडवी पाडली!" मीही तिच्याबरोबर उडी मारली. खरंच मारली. त्या क्षणी मला वाटलं, जिंकू आपण! आपल्या हातानं गळा दाबलेलं जगेल अशी आशा करणारी बाई कशी असते, ते मला तेव्हा कळलं.

मोजणी झाली. ज्या आल्या, त्यातल्या बहुतेकींनी आडवीच पाडली होती. पण यादीच्या निम्म्यालाही आकडा पोचला नाही. दुकान चालू राहिलं. मी मटकन खाली बसले, तर सोजरच मला उठवायला आली. म्हणाली, रडू नका वैनी, सरकारनं तारीकच वंगाळ दिली. मी डोळे पुसले आणि तिचा हात धरून उठले. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं.

त्यानंतरच्या तिसऱ्या हंगामात अंकुशचं पोट फुगलं. कारखान्यावरून त्याला घरी आणलं तेव्हा तो ओळखू येत नव्हता. होळीच्या तोंडावर तो गेला. दुकान आजही तिथंच आहे, आणि माझं घर पंचायतीच्या लेखी आजही दगडमातीचंच आहे.

सावडायच्या दिवशी मी तिच्याकडं गेले. घरात बायका बसलेल्या. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, सरपंचांनी तेव्हा मनावर घेतलं असतं तर. सोजर भिंतीला टेकून बसली होती. ती ताडकन ताठ झाली. "वैनीचं नाव घेऊ नका. लई पळाल्या त्या माज्यासाठी. सरकारनं तारीक दिली, त्याला त्या काय करतील?" मग उठली, माठातून तांब्या भरला आणि माझ्या हातात दिला. त्या उन्हातून मी चालत गेले होते म्हणून.

मी ते पाणी प्याले. पदर तोंडाला लावला. बायकांना वाटलं, मला रडू आलं.

सरकारनं तारीख फक्त विचारली होती. दिली मी.